टर्बोचार्जरमधील तेलगळती : निदान आणि निवड

बालाघाट जिल्ह्यातील भरवेली, उकवा व तिरोडी येथे मँगनीजच्या, तर मलाजखंड येथे तांब्याच्या खाणी आहेत. खनिजवाहू ट्रक व डंपर धुळीच्या वाटांवर राबतात. त्यांच्या डिझेल इंजिनाला बहुधा टर्बोचार्जर जोडलेला असतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोराने त्यातील एक चक्र फिरते. त्याच दांड्यावरील दुसरे चक्र हवा दाबून इंजिनात भरते. अतिवेगाने फिरणारा हा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो.

धूर निळसर येऊ लागला की दोष टर्बोचार्जरला दिला जातो. तथापि मूळ कारण अनेकदा अन्यत्र असते. एअर फिल्टर धुळीने तुंबल्यास शोषण वाढून तेल ओढले जाते. तेल परतीची नळी तुंबल्यास, अथवा पिस्टन रिंगा झिजून इंजिनाच्या पोटात दाब वाढल्यासही गळती होते. ही कारणे दूर न केल्यास नवा टर्बोचार्जरही गळू लागतो.

तपासणी इंजिन बंद व थंड असताना करावी. दांडा आडवा किंचित हलणे स्वाभाविक होय; मात्र तो पुढेमागे जाणवण्याइतका सरकत असल्यास किंवा पाती कवचास घासत असल्यास टर्बोचार्जर बदलावा.

नवा घेताना इंजिनाचे मॉडेल व जुन्या टर्बोचार्जरवरील क्रमांक जुळवावा. मोठा टर्बोचार्जर म्हणजे अधिक शक्ती, हा समज चुकीचा आहे. तेल व ऑइल फिल्टर बदलावे, बसविताना टर्बोचार्जरमध्ये स्वच्छ तेल भरावे. हवेच्या नळ्यांत साचलेले तेल अवश्य काढावे. अन्यथा तेच जाळून इंजिन चावी बंद केल्यावरही बेफाम चालू राहते व माणसांच्या जिवावर बेतते.