सांगाडा आणि दर्शनी फळी : मराठी स्वयंपाकघरातील कपाटांच्या नूतनीकरणाचा मागोवा

चुलीसमोर पाटावर बसून स्वयंपाक होत असे त्या काळात घरातील साठवण भिंतीतच सामावलेली होती. फडताळ, म्हणजे भिंतीच्या जाडीत ठेवलेले लाकडी झडपांचे कपाट, त्याच्या जोडीला कोनाडा आणि तुळईला टांगलेले शिंकाळे, एवढ्यावर घरातील दूधदुभते, लोणची आणि डाळी निर्धास्त राहत. मुंबईत १९५५ मध्ये स्वयंपाकाच्या गॅसची विक्री सुरू झाली आणि पुढील दोन-तीन दशकांत शहरी घरांमधून बसून रांधण्याची पद्धत मागे पडत गेली. शेगडी ओट्यावर चढली, तसा ओट्याखाली मोठा पोकळ अवकाश निर्माण झाला. साठवणीचे केंद्र भिंतीतून या अवकाशात सरकले आणि जुनी कपाटे नवी कशी करावीत हा प्रश्नही तेथूनच सुरू झाला.

महाराष्ट्रात हा अवकाश प्रथम दगडाने विभागला गेला. आंध्र प्रदेशातील कडप्पा परिसराच्या नावाने ओळखला जाणारा काळा चुनखडक थरांनी फुटत असल्याने त्याच्या लाद्या स्वस्तात मिळत, आणि गवंडी त्या उभ्या रोवून त्यांवरच ओटा पेलत असत. दोन उभ्या लाद्यांमधील जागेला ‘खण’ म्हटले जाई. या खणांचे तोंड पिढीगणिक बदलत गेले. आरंभी तेथे तारेवर ओवलेला कापडी पडदा असे, पुढे ॲल्युमिनियमच्या चौकटीतील सरकती दारे किंवा सनमायका लावलेल्या प्लायवूडच्या झडपा आल्या, आणि त्यानंतर त्याच खणांत चॅनलवरून पुढे ओढता येणाऱ्या स्टीलच्या जाळीदार टोपल्या, म्हणजे ‘ट्रॉल्या’, बसल्या. लिंबू, चिंच, कोकम यांसारख्या आंबट पदार्थांनी चुनखडकावर डाग पडतात म्हणून अनेक घरांत ओट्याचा माथा ग्रॅनाइटचा झाला, तरी खालच्या उभ्या लाद्या जागच्या हलल्या नाहीत. सांगाडा टिकवून केवळ दर्शनी भाग बदलण्याची ही रीत सिद्धान्त म्हणून कोणी मांडलेली नव्हती, परंतु गवंडी आणि सुतार यांच्या हातांनी ती घरोघर रुजवली.

उदारीकरणानंतरच्या काळात ‘मॉड्यूलर’ पद्धत, म्हणजे ठरावीक मापांचे तयार खोके शेजारी शेजारी जोडून उभारलेले स्वयंपाकघर, प्रतिष्ठेचे मानले जाऊ लागले, आणि तिच्यासाठी पुष्कळ ठिकाणी सुस्थितीतील कडप्पा तोडून त्या जागी लाकडी खोकी बसवली गेली. याच सुमारास लाकडाचे गणितही बदलले होते. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी जंगलतोडीवर कठोर निर्बंध घातल्यानंतर प्लायवूड उद्योग नीलगिरी आणि पॉप्लर या लागवडीच्या झाडांकडे अधिकाधिक वळला. त्यामुळे केवळ ‘प्लाय’ एवढ्या शब्दावरून टिकाऊपणा समजत नाही. भारतीय मानक ३०३ हे सर्वसाधारण वापराच्या प्लायवूडसाठी, तर ७१० हे पाण्याला दीर्घकाळ तोंड देणाऱ्या सागरी प्लायवूडसाठी आहे, हा भेद पाहावा लागतो. सागरी प्लायवूडचे पापुद्रे ७२ तास उकळत्या पाण्यात राहूनही सुटू नयेत अशी अपेक्षा असते.

या साऱ्या बदलांचा परिणाम सिंकखालच्या खणात सर्वांत स्पष्ट दिसतो. तेथील प्लायवूडची खालची कड ओल पिऊन फुगते, सनमायकाचा कोपरा सुटतो, नखाने दाबताच आतून भुसा गळतो आणि बिजागरीचा स्क्रू कितीही आवळला तरी फिरतच राहतो. अशा खोक्यावर नवी झडप चढवणे म्हणजे खर्च वाया घालवणे होय, कारण झडपेचा भार शेवटी सांगाड्यालाच पेलावा लागतो. उलट सांगाडा कोरडा आणि काटकोनात असेल, तर जुना सनमायका खरवडून त्यावर नवा चिकटवणे किंवा केवळ झडपा, बिजागऱ्या आणि चॅनल बदलणे पुरेसे ठरते. मात्र नव्या थराने झडपेची जाडी वाढते, म्हणून बिजागऱ्या नव्याने जुळवाव्या लागतात. तसेच शेगडीलगतच्या झडपांवर दाबून बसवलेले प्लास्टिकचे आवरण, ज्याला ‘मेम्ब्रेन’ म्हणतात, उष्णतेने सुटू शकते, म्हणून तेथे ते टाळणे हिताचे असते.

म्हणून कपाटे नवी करू पाहणाऱ्याने रंगांचे नमुने चाळण्यापूर्वी ट्रॉल्या बाहेर काढून, खणाच्या तळाशी हात फिरवून ओल तपासणे, हाच निवडीचा खरा आरंभ होय. तेथे हाताला कडप्प्याची कोरडी, थंड लादी लागली, तर पाण्याने न फुगणारा आणि वाळवीने न पोखरला जाणारा सांगाडा त्या घरात आधीपासूनच आहे. तो तोडून त्या जागी प्लायवूड बसवणे हे नूतनीकरण नसून नुकसान आहे. मागील पिढीच्या गवंड्याने जे पक्के उभे केले ते राखावे आणि त्यावर आपल्या काळाची झडप बसवावी, हीच या घडामोडींतून मिळणारी शिकवण आजही तितकीच उपयोगी आहे.