चष्म्यातून गळणारा उजेड

गुजरीतील सराफाच्या दुकानाबाहेर भर दुपारी उभे राहिले, तर काचेत रस्ताच जास्त दिसतो. रात्री आतले दागिने स्वच्छ दिसतात. काच तीच. दोन्ही पृष्ठभाग मिळून ती सुमारे ८ टक्के प्रकाश परतवते, दिवसाही आणि रात्रीही. बदलते ते आतल्या व बाहेरच्या उजेडाचे प्रमाण. समोरच्या दृश्यावर अक्षरे, नकाशे उमटवणाऱ्या नव्या चष्म्यांची अडचण याच जातीची आहे.

अशा चष्म्याच्या काडीजवळ चिमुकला प्रक्षेपक असतो. त्याचा प्रकाश काचेत तिरपा शिरतो. काचेचा अपवर्तनांक १.५ धरला, तर क्रांतिक कोन सुमारे ४२ अंश येतो. त्याहून मोठ्या कोनाने आदळणारे किरण पूर्ण आंतरिक परावर्तनाने काचेतच उड्या घेत पुढे जातात. डोळ्यासमोर आले की सूक्ष्म रेषांचे विवर्तन जालक त्यांना बाहेर काढते. पण डोळा कोणत्या बाजूला आहे, हे साध्या जालकाला कसे कळावे? काही प्रकाश डोळ्याकडे जातो, काही समोरच्या माणसाकडे.

रेषा तिरप्या कोरून, किंवा जालकाऐवजी काचेत अंशतः परावर्तक आरसे बसवून ही गळती घटवतात. मेटा कंपनीने २०२५ साली आणलेल्या चष्म्यात आरशांचीच योजना आहे. कमाल तेजस्विता ५००० निट, गळती २ टक्के, असे कंपनी सांगते. म्हणजे १०० निट! अंधारात हे पुष्कळच झाले. पण एवढ्या तेजाची गरज उन्हातच पडते, आणि तिथे १०० निट कोणाच्या लक्षातही येत नाहीत.

मग समोरच्याला आपला निरोप वाचता येईल काय? सहसा नाही, आणि याचे कारण भूमितीत आहे. चित्राचे किरण फार दुरून आल्यासारखे जवळजवळ समांतर असतात. २ सेंमी रुंदीची काच १ मीटरवरून सुमारे १ अंशाचा कोन करते. चित्र २० अंश रुंद असेल, तर पाहणाऱ्याला एका वेळी त्याचा विसावा भाग दिसेल. जालकाच्या गळतीत तोही आरशातल्यासारखा उलटा. कॅमेरा हलवत तुकडे टिपून जोडणे मात्र तत्त्वतः शक्य आहे.

शिक्षकांना मला वेगळेच सांगावेसे वाटते. गळती शून्य झाली की वापरणाऱ्याचा खाजगीपणा वाढतो, पण परीक्षेच्या वर्गातील पर्यवेक्षकाच्या हातची एक खूणही जाते.

मुलांकडून हा प्रयोग जरूर करून घ्या. पुठ्ठ्याला २ सेंमीचे भोक पाडून दूरची पाटी आधी भोकाला डोळा लावून, मग पुठ्ठा १ मीटर पुढे धरायला लावून वाचायची. दोन्ही वेळा किती अक्षरे दिसली ते मोजा.