'ब्लर्ट' हे क्रियापद आणि मराठीतील 'बोलून जाणे'

प्रास्ताविक
इंग्रजीतील 'ब्लर्ट' हे क्रियापद सोळाव्या शतकापासून वापरात आहे. परिणामांचा विचार होण्याआधीच एखादी गोष्ट बोलली जाणे, हा त्याचा अर्थ. बहुधा त्याच्या जोडीला 'आउट' हे अव्यय येते. शब्दकोशाच्या आधारे काही विद्यार्थी त्याचे भाषांतर 'बरळणे' असे करतात. परंतु बरळणे म्हणजे असंबद्ध बोलणे. 'ब्लर्ट' केलेले बोलणे बहुतेक वेळा खरे असते. चुकते ती वेळ. हा अर्थ मराठी संयुक्त क्रियापदांतून व्यक्त करते.

विवेचन
दर्यापूरच्या बाजारात कापसाचा सौदा चालू आहे. घरी पैशांची निकड असल्याचे मुलाच्या तोंडून व्यापाऱ्यासमोर निघते आणि भाव तिथेच अडतो. हा प्रसंग तीन प्रकारे सांगता येईल :

(अ) मुलगा निकडीचे बोलून गेला.
(आ) मुलगा निकडीचे सांगून बसला.
(इ) मुलाने निकडीचे सांगून टाकले.

'जाणे' या सहायक क्रियापदाने नकळतपणा सूचित होतो. 'बसणे' मुळे झालेले नुकसान व पश्चात्ताप जाणवतो. 'टाकणे' मध्ये मात्र निश्चय आहे. मुलाने जाणूनबुजून मन मोकळे केले. रचनाही हेच सांगते. 'सांगितले' या क्रियापदाचा कर्ता 'मुलाने' असा तृतीयेत येतो. पण 'बसणे' अकर्मक असल्याने (आ) मध्ये तो प्रथमेत आहे. 'टाकणे' सकर्मक असल्याने (इ) मध्ये तृतीया कायम राहते.

म्हणून 'ब्लर्ट' साठी (अ) किंवा (आ) योग्य. (इ) वापरल्यास मुलाच्या अनवधानाला हेतूचे रूप येते. एखाद्याचा जबाब अनुवादित करताना हा फरक त्याच्यावर अन्याय करू शकतो.

'बोलून गेला' चा 'बोलला आणि निघून गेला' असाही अर्थ होतो, याचे भान ठेवावे. तेथे 'नकळत', 'बोलता बोलता' अशी जोड द्यावी.

वऱ्हाडीतील रूप
वऱ्हाडीत 'देणे' हे सहायक क्रियापदही येते : 'पोट्ट्यानं त्याले सारं सांगून देल्लं.' येथे हेतू होता की अनवधान, हे संदर्भावरून ठरवावे लागते.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न
'रागाच्या भरात मी बोलून गेलो' आणि 'रागाच्या भरात मी बोलून टाकले' यांपैकी क्षमायाचनेला कोणते वाक्य साजेल? सकारण लिहा.