पाथरीला टॉवर का नाहीत?

माजलगावकडून येताना ढालेगावजवळ गोदावरी ओलांडली की पुढचा मुलूख सपाट आहे. कापूस, ऊस, बांधावरच्या बाभळी. परभणी जिल्ह्यातली पाथरी जवळ आल्याचे कळते ते मोबाइलच्या टॉवरवरून, पाण्याच्या टाकीवरून, मिनार आणि कळसांवरून. घरे त्यानंतर दिसतात आणि तीही बहुतेक एक-दोन मजली. गाव काही कालचे नाही. अकबराच्या राज्यात वऱ्हाड सुभ्यातल्या एका सरकारचे ते मुख्य ठिकाण होते. अहमदनगरच्या निजामशाहीचे मूळ घराणे इथलेच असे सांगितले जाते. एवढे जुने गाव उंच का झाले नाही, यावर ‘मराठवाडा मागासलेला’ हे उत्तर तोंडावर तयार असते. ते आळशी उत्तर आहे.

उंच इमारत कधीकधी हौसेपोटी उभी राहते. मुंबईतली 27 मजली, 173 मीटर उंचीची अँटिलिया एका कुटुंबाचे घर आहे. पण अख्खे शहर हौसेने उंच होत नाही. जमीन परवडेनाशी झाली की होते. 1878 साली पुरा झालेला राजाबाई टॉवर 85 मीटरचा. त्यानंतर कितीतरी दशके मुंबईच्या आकाशरेषेवर तो, काही घुमट आणि गिरण्यांची धुराडी एवढेच होते. 1982 च्या गिरणी संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली आणि त्यांच्या जमिनींना सोन्याचा भाव आला. आज लोअर परळला श्रीनिवास मिलच्या जागेवर 280 मीटरची ‘वर्ल्ड वन’ उभी आहे, तर वरळीत श्रीराम मिलच्या जागेवर 320 मीटरची ‘पॅले रोयाल’. गिरणगावातल्या माणसाला मान वर करून काय पाहायचे हे दोन पिढ्यांत बदलले. वांद्रे-कुर्ला संकुलात भाव याहून कमी नाही, तरी तिथल्या इमारती एका उंचीवर छाटल्यासारख्या दिसतात, कारण शेजारी विमानतळ आहे. आकाशरेषा वास्तुविशारद आखतो असे आपण समजतो. बाजारभाव आणि नियम आधीच ती बरीचशी आखून ठेवतात.

पाथरीत एक मजला चढवण्यापेक्षा गावाबाहेर प्लॉट घेणे परवडते. जोवर हे खरे आहे तोवर इथे टॉवर येणार नाही, कारण उंचीचा खर्च मजल्यांच्या प्रमाणात वाढत नाही, त्याहून वेगाने वाढतो. दहा मजल्यांहून उंच इमारत म्हणजे बुटकीच इमारत, फक्त जास्त उंच, असे नसते.

याचे मूळ वाऱ्यात आहे. कमी उंचीच्या इमारतीला मुख्यतः स्वतःचे आणि माणसासामानाचे वजन पेलायचे असते. उंची वाढली की वारा हा मोठा शत्रू होतो. वाऱ्याचा दाब सगळीकडे सारखा धरला आणि उंची दुप्पट केली, तर इमारतीला बुडाशी उलथू पाहणारा जोर चौपट होतो. सांगाडा तेवढाच ताठ ठेवला तर शेंड्याचा झुकाव सोळापट होतो. शिवाय वर वाराही जोराचा असतो. ढाक्यात 1929 साली जन्मलेल्या फझलुर रहमान खान या अभियंत्याने यावर तोड काढली. ताकद आतल्या खांबांमध्ये विखुरण्याऐवजी त्याने ती बाहेरच्या कडेला, जवळजवळ रोवलेल्या खांबांत नेली आणि सगळी इमारत एक पोकळ नळी म्हणून वागवली. बांबू पोकळ असून ताठ उभा राहतो, तोच न्याय. 1931 च्या एम्पायर स्टेट बिल्डिंगमध्ये दर चौरस मीटरला सुमारे 206 किलो पोलाद लागले होते. खान यांच्या 1969 च्या शंभर मजली जॉन हॅनकॉक सेंटरमध्ये ते 145 किलोंवर आले. आजच्या गगनचुंबी इमारतींपैकी बऱ्याचशा या ना त्या रूपात त्याच विचाराच्या वारस आहेत.

वारा फक्त ढकलत नाही. इमारतीच्या दोन्ही बाजूंनी आळीपाळीने भोवरे सुटतात आणि ते तिला आडवे हलवतात. भोवऱ्यांचा ताल आणि इमारतीचा स्वतःचा ताल जुळला तर हेलकावे वाढत जातात. बुर्ज खलिफा (828 मीटर) वर जाताना पायरीपायरीने अरुंद होते, ती नक्षी शोभेची नाही: प्रत्येक उंचीवर आकार वेगळा, म्हणून भोवरे एका तालात येत नाहीत. तैपेईच्या 508 मीटरच्या ‘तैपेई 101’ मध्ये यासाठी 660 टनांचा पोलादी गोळा टांगला आहे. इमारत एकीकडे झुकली की तो दुसरीकडे जातो.

लिफ्टशिवाय यातले काहीच शक्य नव्हते. 1854 साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात एलिशा ओटिसने लिफ्टवर उभे राहून दोर कापायला लावला; लिफ्ट पडली नाही आणि लोकांची भीती गेली. त्याआधी वरचे मजले गरिबांचे असत, जिने चढायचे म्हणून. नंतर तेच सर्वांत महाग झाले. 1885 मध्ये शिकागोत दहा मजल्यांची, धातूच्या सांगाड्यावर उभी असलेली होम इन्शुरन्स बिल्डिंग आली आणि गगनचुंबी इमारतींचे युग सुरू झाले असे मानतात. आपल्याकडे लिफ्टच्या जोडीला जनरेटर धरावा लागतो. भारनियमनाच्या दिवसांत सहावा मजला फार उंच असतो, हे कुणा म्हाताऱ्या माणसाला विचारावे. पाण्याचेही तसेच: दर दहा मीटर चढावाला साधारण एक वातावरणाएवढा दाब लागतो. गावची टाकी पंधरा-वीस मीटरवर असेल तर नळाचे पाणी आपल्या जोरावर तीन-चार मजल्यांपलीकडे जात नाही. पुढे पंप, म्हणजे पुन्हा वीज.

पण समजा पैसा आला. साईबाबांचे जन्मस्थान मानले जाते म्हणून पाथरीच्या विकासाची चर्चा 2020 साली जोरात झाली, जन्मस्थानाच्या दाव्याविरोधात शिर्डीने बंदही पाळला. उद्या भक्तनिवास आणि लॉज वाढले, महामार्गालगत भाव चढले, तर कुणीतरी पाच-सात मजल्यांचा नकाशा काढेलच. तेव्हा पहिला प्रश्न वाऱ्याचा नसेल, मातीचा असेल.

पाथरीची काळी माती कापसाला वरदान आहे आणि पायाला शाप. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते. तिचे कण अतिसूक्ष्म पापुद्र्यांचे; पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की ती फुगते, उन्हाळ्यात पाणी गेले की आकसते आणि शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. हीच हालचाल उथळ पायाखाली दरवर्षी होते. मधोमध माती ओली राहते, कडेची वाळते, म्हणून घर सगळीकडे सारखे वरखाली होत नाही आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. मिस्त्री सिमेंट भरून देतो; पुढच्या वैशाखात ती पुन्हा हजर. जुने लोक हे जाणून होते. म्हणूनच गावठाण पांढरीवर वसे आणि वाड्यांच्या भिंतीही पांढऱ्या मातीच्या असत. आता वस्त्या काळ्या रानात सरकल्या आहेत. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी तळाशी फुगीर कंद असलेले पाइल विकसित केले. ऋतूंचा परिणाम जिथे जवळपास संपतो, त्या साधारण साडेतीन मीटर खोलीच्या खाली त्यांची पकड असते. काळी माती उथळ असेल तर सरळ मुरमापर्यंत खणावे. मुरमाखाली बसाल्टचा काळा खडक आहे, आणि तो मोठे ओझे सहज पेलतो. म्हणजे पाथरीत उंच इमारत अशक्य नाही. तिचे निम्मे कौशल्य मात्र जमिनीखाली, कुणाला न दिसणारे असेल.

राहिला भूकंप. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीत दगड-मातीची, जड धाब्यांची बुटकी घरे कोसळली, त्यामुळे बुटके घर सुरक्षित असते या समजाला आधार नाही. अभियंते ढोबळ हिशेबाने दर मजल्यामागे दशांश सेकंद असा इमारतीचा ताल धरतात: दोन मजली घर झटक्यांनी हादरते, दहा मजली इमारत सेकंदाला एकदा झुलते. जवळचा भूकंप पहिल्याला छळतो, दूरचा दुसरीला. 2001 च्या भुजच्या भूकंपाचे केंद्र दोनशे किलोमीटरहून दूर होते, तरी अहमदाबादेत बहुमजली इमारती पडल्या. त्यांतल्या अनेकींचा तळमजला गाड्यांसाठी मोकळा, नुसत्या खांबांवर होता. इकडेही 2024 साली हिंगोली जिल्ह्यात 4.5 तीव्रतेचे धक्के बसले, ते परभणीतही जाणवले.

म्हणून पाथरीत असो की शेजारच्या मानवत-सेलूत, घरावर तिसरा-चौथा मजला चढवायचा विचार असेल तर आधी खड्डा घेऊन मुरूम किती फुटांवर लागतो ते पाहा. जुने कॉलम किती मजल्यांच्या हिशेबाने भरले होते हे अभियंत्याकडून लेखी घ्या, आणि खाली दुकान किंवा पार्किंगसाठी सगळ्या भिंती काढायला तो हो म्हणत असेल, तर दुसरा अभियंता गाठा.