कडक शिस्त कोठें फळते?

शाळेंत जसा परीक्षेचा निकाल, तसा मैदानावर शेवटचा सामना. त्या एका निकालावरून गुरूची योग्यता ठरविण्याची आपणां सर्वांस संवय आहे. ही कसोटी कितपत न्याय्य आहे, हें क्रिकेटचे प्रसिद्ध प्रशिक्षक श्री. चंद्रकांत पंडित यांच्या उदाहरणावरून पाहण्याचें आम्ही योजिलें आहे.

पंडित हे मुंबईच्या रमाकांत आचरेकरांचे शिष्य व भारताचे माजी यष्टिरक्षक. १९९९ सालीं बंगळूर येथें झालेल्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यांत ते मध्य प्रदेशाचे कर्णधार होते. त्यांच्या संघास पहिल्या डावांत ७५ धावांची आघाडी मिळाली होती, तरी कर्नाटकानें ९६ धावांनीं विजय मिळविला. पुढें २०२२ सालीं त्याच मैदानावर मध्य प्रदेशानें मुंबईस हरवून आपला पहिला रणजी करंडक जिंकला. त्या वेळीं पंडित प्रशिक्षक होते. तत्पूर्वीं त्यांच्या हाताखालीं मुंबईनें तीनदां व विदर्भानें दोनदां हा मान मिळविला होता.

त्यांची रीत कडक. वेळेचें बंधन मोडलेलें त्यांस खपत नाहीं. ही रीत रणजी सामन्यांत कां फळली, याचें कारण त्या खेळाच्या नियमांत आहे. अंतिम सामना पांच दिवसांचा असतो, आणि तो अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावांतील आघाडीवर विजेता ठरतो. तेथें धीर हेंच मोठें शस्त्र होय. २०२२ सालीं मुंबईच्या ३७४ धावांस मध्य प्रदेशानें ५३६ धावांनीं उत्तर दिलें, तें अशाच धीराचें फळ. शिवाय एका प्रांताचीं तरुण मुलें प्रशिक्षकाच्या हाताखालीं दीर्घ काळ राहतात व त्याच्या वळणाचीं होतात.

पुढें पंडितांकडे कोलकाता नाइट रायडर्स हा संघ आला. इंडियन प्रीमियर लीगचे सामने वीस षटकांचे, मोसम सुमारें दोन महिन्यांचा, आणि खेळाडू लिलावांत घेतलेले, देशोदेशींचे. दहा संघांतून पहिले चारच बाद फेरींत जातात. २०२३ सालीं पंडितांचा संघ सातवा आला. जगभर खेळून आलेल्यांस कसें वागावें, काय घालावें, हें कोणीं सांगण्याची गरज नसते, असें त्या वर्षीं संघांत असलेले डेव्हिड व्हीसा यांनीं मागाहून उघडपणें म्हटलें. २०२४ सालीं मात्र याच संघानें करंडक जिंकला. त्या वेळीं गौतम गंभीर हेही मार्गदर्शक होते. तेव्हां यशांत कोणाचा वांटा किती, हें वेगळें काढतां येत नाहीं. २०२५ सालीं संघ आठवा आला, आणि जुलै महिन्यांत पंडित त्यापासून वेगळे झाले.

गुरु तोच, रीत तीच, निकाल मात्र निरनिराळे. जळगांवाकडे पाटाच्या व विहिरीच्या पाण्यावर पोसणारी केळ धुळ्याकडील कोरडवाहू रानांत लावली, तर तेवढ्यावरून माळी अडाणी ठरत नाहीं; परंतु जमीन ओळखण्याचें काम माळ्यानेंच करावयाचें असतें.

पालकहो, मुलाचें निकालपत्र हातीं येतांच शिक्षकाची स्तुति अथवा निंदा करण्यापूर्वीं, त्याची रीत आपल्या मुलास मानवते कीं नाहीं, एवढें अवश्य पाहावें. आणि शिक्षकांनींही, कालच्या वर्गास लागू पडलेली शिस्त आजच्या वर्गास लागू पडेलच, असें धरून चालूं नये.