निसर्गचित्रातील कष्टकरी : १५६५ ते १७५०

युरोपीय चित्रकलेत निसर्गचित्र धर्मकथांच्या पार्श्वभूमीतून सुटून स्वतंत्र चित्रप्रकार म्हणून उभे राहिले ते सोळाव्या-सतराव्या शतकांत, म्हणजे जमिनीत व्यापारी भांडवल शिरू लागले त्याच सुमारास. त्यामुळे या चित्रांतल्या शेतांवर कोण राबताना दिसते, हा प्रश्न अस्थानी ठरत नाही.

थोरल्या पीटर ब्रूगेलने १५६५ मध्ये अँटवर्पचा व्यापारी निक्लास योंगेलिंक याच्यासाठी ऋतुचक्राची चित्रमालिका रंगवली. तिच्यातील सुगीच्या चित्रात कोणी गहू कापतो आहे, काही जण झाडाखाली जेवत आहेत आणि एक जण पाय फाकून गाढ झोपला आहे. श्रमाने जड झालेली ही शरीरे चित्राचा पुढचा भाग व्यापून टाकतात. अर्थात ती न्याहाळणारा धनिक होता, आणि पुढच्याच वर्षी ब्रूगेलची सोळा चित्रे त्याने दुसऱ्याच्या देण्यापोटी तारण म्हणून लावली.

हॉलंडमध्ये चित्रे मुख्यतः खुल्या बाजारात विकली जात, आणि यान व्हान गोयेनसारखा चित्रकार मोजक्या मातकट रंगांत झपाट्याने काम उरकी. १६१२ मध्ये अॅमस्टरडॅमच्या व्यापाऱ्यांच्या पैशावर बेमस्टर सरोवर पवनचक्क्यांनी उपसून कोरडे करण्यात आले आणि तेथे पोल्डर, म्हणजे बांध घालून पाण्याखालून काढलेली शेतजमीन, तयार झाली; तरीही चित्रकारांनी तिचे रेखीव चौकोन क्वचितच रंगवले आणि वाळूच्या टेकड्या, वाकडे ओक, पडक्या झोपड्याच पसंत केल्या. नव्या पैशाला जुन्या, न बदललेल्या भूमीचे चित्र भिंतीवर हवे होते, असे म्हणण्यास येथे पुरेसा आधार आहे.

इंग्लंडमध्ये हे दडवणे पूर्णत्वास गेले. गावाची सामाईक कुरणे व शेते कुंपण घालून खासगी मालकीत नेण्याच्या काळात, १७५० च्या सुमारास, थॉमस गेन्सबरोने रंगवलेल्या अँड्र्यूज दांपत्याच्या चित्रात पेंढ्या बांधून झाल्या आहेत, धाटांच्या सरळ ओळी पेरणीयंत्राची साक्ष देतात, पण कापणी करणारा एकही माणूस नाही. हा मालकीचा उच्चार आहे, असे कलासमीक्षक जॉन बर्जर याने १९७२ मध्ये म्हटले, तेव्हा दांपत्याला निसर्गाची ओढही असू शकेल असा आक्षेप निघाला. तो खरा मानला तरी ती ओढ मनसोक्त भोगण्याची सवड त्यांना जमिनीच्या मालकीनेच दिली होती.