पवईच्या डोक्यावरचा तारा आणि दीड टक्क्याची घट

ऑक्टोबरच्या मध्यावर, रात्री नऊच्या सुमारास, एचडी २०९४५८ हा तारा पवईच्या जवळजवळ बरोबर डोक्यावर येतो. भाद्रपदांच्या चौकोनाच्या थोडं पश्चिमेला. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही; हाताशी दुर्बीण असली तर सापडतो. सूर्यमालेबाहेरचा ग्रह आपल्या ताऱ्यासमोरून जाताना पहिल्यांदा पकडला गेला तो याच ताऱ्यापाशी, १९९९च्या सप्टेंबरात. दर साडेतीन दिवसांनी तीनेक तास याचा प्रकाश साधारण दीड टक्क्याने उतरतो आणि पुन्हा पूर्ववत होतो. या प्रकाराला अधिक्रमण म्हणतात. आज माहीत असलेल्या सहा हजारांवर परग्रहांपैकी बहुतेक याच पद्धतीने सापडलेत, आणि त्यांच्याबद्दलचे गैरसमजही काही कमी नाहीत.

‘शास्त्रज्ञांना तो ग्रह दिसतो’

नाही दिसत. बातमीसोबत जांभळ्या ढगांचा, चकाकत्या समुद्रांचा जो गोळा छापलेला असतो, तो चित्रकाराने काढलेला असतो. खाली बारीक अक्षरांत ‘कल्पनाचित्र’ असं लिहिलेलंही असतं, पण व्हॉट्सअ‍ॅपवर येईपर्यंत ती ओळ गळून पडते. थेट छायाचित्र मिळालेले परग्रह आहेत, पण फार थोडे, आणि ती पद्धत वेगळी. अधिक्रमणात हाती येतो तो एक आलेख: वेळ आणि प्रकाश. सरळ चाललेली रेघ मध्येच थोडी खचते आणि परत वर येते. बस्स.

किती खचते? रात्री पवई तलावाच्या काठावरून हिरानंदानीच्या इमारती पाहा. तिथे दहा हजार दिवे लागलेत असं धरा, आणि एकही दिवा सुटा दिसत नाही, सगळ्यांचा मिळून उजेड तेवढा मोजता येतो. गुरू सूर्यासमोरून गेला तर दूरच्या निरीक्षकाच्या दृष्टीने शंभर दिवे विझतील. पृथ्वी गेली तर एकसुद्धा पुरता नाही.

‘त्यासाठी अवाढव्य दुर्बीण लागते, नाहीतर अंतराळयान’

१९९९ साली डेव्हिड शार्बोनो आणि टिम ब्राऊन यांनी ज्या दुर्बिणीने ही घट टिपली, तिचा व्यास होता १० सेंटीमीटर. अमेरिकेतल्या बोल्डर शहरात ती मांडलेली होती. गुरूएवढ्या ग्रहांसाठी आजही हौशी निरीक्षकांच्या दुर्बिणी पुरतात. मुंबईच्या धुरकट, उजळलेल्या आकाशातूनही हे अशक्य नाही, कारण ताऱ्याची तेजस्विता एकटी मोजतच नाहीत. त्याच चौकटीतल्या शेजारच्या ताऱ्यांशी ती ताडून पाहतात. धुकं आलं तर सगळेच मंदावतात. एकटाच मंदावला, तर गोष्ट त्या ताऱ्याची.

मग पवईच्या आयआयटीची दुर्बीण लडाखात कशाला? आयआयटी मुंबई आणि बंगळुरूची भारतीय ताराभौतिकी संस्था यांची ‘ग्रोथ-इंडिया’ ही ७० सेंटीमीटरची स्वयंचलित दुर्बीण हान्ले इथे, सुमारे ४५०० मीटर उंचीवर आहे. तिचं मुख्य काम वेगळं: अचानक उजळणारे स्फोट, धावते लघुग्रह. पण ताऱ्याचा उजेड काटेकोर मोजायचा तर हवा कोरडी, विरळ आणि आकाश काळं हवं, ही गरज सगळ्यांना सारखीच. पवईत नुसत्या पावसाळ्याचेच चार महिने जातात. पृथ्वीएवढ्या ग्रहाची सावली मात्र हान्लेहूनही सहजी मोजता येत नाही. वातावरणातली थरथर तिला गिळून टाकते. तिथे खरंच यान लागतं. २००९मध्ये सुटलेलं केप्लर आकाशाच्या एकाच तुकड्यातल्या दीड लाख ताऱ्यांकडे चार वर्षं टक लावून होतं ते त्यासाठी.

‘प्रकाश उतरला, की ग्रह सापडला’

प्रकाश उतरायला कारणं पुष्कळ. एकमेकांना झाकणारे जोडतारे, ताऱ्यावरचे डाग, मागच्या एखाद्या जोडीचा उजेड याच ताऱ्यात मिसळणं. म्हणून सारख्या अंतराने निदान तीन वेळा घट दिसावी, असा दंडक पाळतात, आणि तोवर त्याला ‘उमेदवार’च म्हणतात. केआयसी ८४६२८५२ हा तारा तर अधूनमधून, काही वेळापत्रक न पाळता, २२ टक्क्यांपर्यंत मंदावला. २०१५मध्ये परग्रहवासीयांनी तिथे प्रचंड बांधकाम काढल्याची चर्चा जगभर रंगली. पुढे लक्षात आलं, की निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा जास्त अडतोय. बांधकामाने सगळेच रंग सारखे अडवले असते. असा फरक करते ती बारीक धूळ.

‘अधिक्रमण नाही, म्हणजे ग्रहच नाही’

ग्रहाची कक्षा नेमकी आपल्या नजरेच्या रेषेत आली, तरच अधिक्रमण दिसतं. पृथ्वीसारख्या कक्षेसाठी ही शक्यता दोनशेत एक. बाकीच्यांसाठी दुसरी पद्धत आहे: ग्रहाच्या ओढीने तारा किंचित डगमगतो, ते त्याच्या वर्णपटात मोजायचं. २०१९मध्ये भारताच्या वाट्याला नाव देण्यासाठी आलेला ग्रह २००६ साली असाच सापडला होता. त्याच्या ताऱ्याचं नाव आता ‘बिभा’, टीआयएफआरमधल्या पहिल्या महिला संशोधक बिभा चौधुरी यांच्यावरून. ग्रहाचं ‘संतमस’ हे नाव सुचवलं पुण्याच्या एका तेरा वर्षांच्या विद्यार्थ्याने.

‘दुसरी पृथ्वी सापडली’

हा सगळ्यात चिवट गैरसमज, आणि माझ्या मते यात दोष वाचकांचा कमी, मथळे देणाऱ्यांचा जास्त. अधिक्रमणातून कळतो तो ग्रहाचा आकार आणि त्याच्या वर्षाची लांबी. वजन कळत नाही. २०१५मध्ये ‘पृथ्वीची बहीण’ म्हणून गाजलेल्या केप्लर-४५२बीचं वजन कुणी मोजलेलंच नाही. तो खडकाळ आहे की वायूत गुरफटलेला, हे मग सांगायचं कशाच्या जोरावर?

वजनाने किती फरक पडतो, ते दाखवणारं काम आपल्याकडेच झालंय. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेची वर्णपटमापक यंत्रणा अबूच्या गुरुशिखरावर आहे. अंतराळयानांना अधिक्रमणात दिसलेले उमेदवार तिने ताऱ्याच्या डगमगण्यावरून तोलले. २०१८मध्ये जाहीर झालेला ग्रह निघाला पृथ्वीच्या सहापट त्रिज्येचा आणि सुमारे २७ पट वजनाचा. २०२४मधला टीओआय-६६५१बी त्रिज्येने त्याहून लहान, पाचपट. वजन मात्र सुमारे ६० पट. नुसत्या आलेखावरून दोघे भाऊ-भाऊ वाटले असते. आणि पवईच्या डोक्यावरचा तो पहिला ग्रह? गुरूपेक्षा मोठा, पण इतका विरळ, की त्याची घनता पाण्याच्या निम्मीही भरत नाही.

अधिक्रमण स्वतः पाहायचं असेल, तर घरचंच आहे. शुक्राचं पुढचं डिसेंबर २११७मध्ये, ते सोडून देऊ. बुधाचं १३ नोव्हेंबर २०३२ रोजी आहे: दुपारी बाराच्या पुढे सुरू होऊन साडेचारच्या सुमारास संपेल, म्हणजे मुंबईतून सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिसेल. बुधाचा ठिपका नुसत्या ग्रहणाच्या चष्म्यातून दिसत नाही. त्याला दुर्बीण हवी, आणि तिच्या पुढच्या तोंडाला सूर्यासाठीची खास गाळणी.